पाण्यामागे बसण्याची जागा

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्री उभा राहतो. कारवीचे रान, निसरडी वाट, ढगात बुडालेला बुरूज. सोलापुरातून एका दिवसाच्या किल्लेफेरीला निघणाऱ्याने हे चित्र घरीच ठेवून यावे. इथे सपाट काळे रान आहे, ज्वारीची ताटे आहेत, बांधावर बाभूळ आहे आणि पाऊस मोजका आहे. या मुलखात कोट बांधायला बसलेल्या माणसाला डोंगराची उंची मिळत नव्हती. मग त्याने पाणी हाताशी धरले. तेही असे पाणी, जे वर्षातले आठ महिने शोधावे लागते. सोलापूरचा भुईकोट आणि नळदुर्ग हे दोन्ही किल्ले पाण्याच्या मागाने वाचले तरच नीट उलगडतात. एरवी ते काळ्या दगडाचे मोठे ढिगारे वाटतात आणि माणूस तासाभरात चहाच्या टपरीकडे वळतो.

चांगला वाटाड्या म्हणूनच सकाळी तुम्हाला भुईकोटाच्या दरवाजात थांबू देत नाही. तो आधी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर नेतो. तिथून कोटाची पूर्वेची बाजू दिसते आणि एक साधी गोष्ट ध्यानात येते, की या बाजूला खंदक नाही. उरलेल्या तिन्ही बाजूंना रुंद खंदक खोदलेला. पूर्वेला मात्र तलावच तटाला येऊन भिडलेला. परंपरेप्रमाणे हा तलाव बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचा. कोट त्यानंतरचा, बहमनी काळातला. म्हणजे गावात पाणी आधी होते, तट त्याच्या शेजारी नंतर आला. एका शिवयोग्याने लोकांच्या तहानेसाठी केलेले काम पुढच्या किल्लेकऱ्याने चौथ्या बाजूचा खंदक म्हणून वापरले. खोदाईची मजुरी वाचली हे खरेच. पण आधीपासून असलेल्या वस्तूला आपल्या आराखड्यात इतक्या सहजपणे सामावून घेणे ही उत्तम रचनाकाराची खूण. आज खंदकाचा काही भाग बागेखाली गेला आहे. तरी झाडांच्या रांगा जिथे खाली उतरतात, तिथे जुन्या पाण्याची रेघ अजून डोळ्यांनी ओढता येते.

आत शिरल्यावर दुहेरी तट. दोन तटांमधल्या मोकळ्या पट्ट्यात उभे राहून एकदा बाहेरच्या तटाकडे आणि मग आतल्याकडे पाहावे. आतला तट उंच आहे. बाहेरच्या तटावरचा शिपाई लढत असताना आतल्या तटावरचा त्याच्या डोक्यावरून मारा करू शकतो. एकाच वेळी दोन थरांतून गोळी सुटते. आणि समजा शत्रू बाहेरचा तट ओलांडून आलाच, तर तो या अरुंद पट्ट्यात येऊन पडतो, वर पाहतो, आणि मग त्याला कळते की आपण जिंकलेलो नसून सापडलो आहोत. जंग्यांनाही डोळा लावून पाहावा. काही सरळ समोर रोखलेल्या, काही खाली तिरप्या. एकीतून लांबचा मैदानी भाग दिसतो, दुसरीतून थेट तटाचा पायथा. भोक पाडणे कोणालाही जमेल. पण तटाच्या एवढ्या जाडीत त्याचा उतार नेमका राखायचा, तर पाथरवटाला तो दगड तटात बसण्याआधीच मनात पाहावा लागतो.

याच तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड ठिकठिकाणी बसवलेले आहेत आणि किल्ल्याच्या आत, आजच्या जमिनीच्या खालच्या पातळीवर, एका प्राचीन मंदिराचे खांब उघडे केलेले दिसतात. घाईचा पर्यटक इथे एक तर हळहळतो, नाही तर फोटो काढतो. माझे म्हणणे एवढेच, की खांबांच्या घडणीकडे थोडे थांबून पाहा. मग बाहेर येऊन तटाच्या चिऱ्यांकडे पाहा. एका पिढीने दगडाला घासून गुळगुळीत केले, दुसरीने त्याला नुसते घडवून एकावर एक रचले. पहिलीला सौंदर्य हवे होते, दुसरीला वेळ नव्हता. सोलापूरचा इतिहास इतका उघडा दुसरीकडे क्वचितच वाचता येतो.

वेळ का नव्हता, ते या कोटाच्या मालकीहक्काच्या भांडणात आहे. १५२४ मध्ये विजापूरच्या इस्माईल आदिलशहाने आपली बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा सोलापूर आंदण देण्याचे ठरले. लग्न झाले, सोलापूर काही मिळाले नाही. त्यावरून दोन्ही घराणी पुढची कित्येक वर्षे एकमेकांशी लढली आणि त्यात कोट निजामशहांकडे गेला. शेवटी राक्षसतागडीच्या लढाईआधी, १५६५ पूर्वी, जुळवाजुळव झाली ती पुन्हा लग्नानेच. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशहाकडे गेली आणि तिच्यासोबत सोलापूरही विजापूरला गेले. तिचे नाव इथे मनात नोंदवून ठेवावे. नळदुर्गात ते पुन्हा लागणार आहे.

शहरातून निघण्याआधी महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीला बाहेरून एक फेरी मारायला हरकत नाही. आप्पासाहेब वारद या व्यापाऱ्याने बांधलेला हा वाडा राजाचा नाही, पण राजवाड्याची सगळी हौस त्यात आहे. अक्कलकोटचा राजवाडा आणि त्यातले संस्थानी शस्त्रागार याच दिवसात कोंबण्याचा मोह मात्र टाळावा. तलवारी, कट्यारी, बिचवे यांची मुठीपासून टोकापर्यंतची कारागिरी पाहायला स्वतंत्र अर्धा दिवस हवा. तुळजापूर, अक्कलकोट आणि नळदुर्ग एकाच गाडीत, एकाच दिवसात असे जे बेत आखले जातात, त्यांत दोन्हीकडच्या दर्शनाच्या रांगा दिवस खातात आणि किल्ल्याच्या वाट्याला चाळीस मिनिटे येतात. देवीची आणि स्वामींची त्याला ना नाही. पण नळदुर्ग चाळीस मिनिटांचा नव्हे.

हैदराबादच्या रस्त्याने साधारण पंचेचाळीस किलोमीटर गेले की नळदुर्ग. आता हा भाग धाराशिव जिल्ह्यात मोडतो. गावातून जाताना किल्ला जवळ आल्याची कुठलीच चाहूल लागत नाही, कारण गाव आणि किल्ला एकाच पठारावर आहेत. हाच या जागेचा पहिला डाव. बोरी नदीने पठाराचा एक तुकडा दोन बाजूंनी कोरून जवळजवळ वेगळा केला आहे. गावाच्या अंगाला जी मान उरली, ती माणसाने खंदक खोदून तोडली. निसर्गाने केलेले काम किती आणि माणसाने केलेले किती, हे खंदकाच्या पुलावर उभे राहूनही पटकन सांगता येत नाही. १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख कंपनी सरकारकडे सोपवला तेव्हा कर्नल मेडोज टेलर इथे अंमलदार म्हणून आला आणि किल्ल्यातच राहिला. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर ‘तारा’ ही कादंबरी लिहिणारा तोच. आपल्या आत्मचरित्रात त्याने इथल्या कड्यांची उंची पन्नास ते दोनशे फूट सांगितली आहे, आणि त्या कड्यांत बेसॉल्टचे खांबांसारखे उभे कोनदार थर दिसतात हेही टिपून ठेवले आहे. तटाच्या पायथ्याशी नजर खाली वळवली तर ते थर आजही दिसतात. काही ठिकाणी नैसर्गिक खडक कुठे संपला आणि घडवलेला चिरा कुठे सुरू झाला, हे शोधण्यात चांगली पाच मिनिटे जातात. बांधणाऱ्याने तट कड्यावर नुसता ठेवला नाही. कड्याचा चढ पुढे चालवत नेला आणि त्यालाच तट म्हटले.

दरवाजातून आत जाताना वाट वळते, पुन्हा वळते. पुढून आलेल्या हत्तीला धाव घेता येऊ नये म्हणून हे वळण, ही गोष्ट कोणताही गाईड सांगतो. कमी सांगितले जाते ते देवड्यांविषयी. पहारेकऱ्यांच्या बसण्याची ही जागा वळणाच्या अशा अंगाला आहे, की आत येणाऱ्याला पहारेकरी दिसण्याआधी पहारेकऱ्याला तो दिसावा. पायरीची उंची, ओट्याची रुंदी, पाठ टेकायची भिंत. रात्रभर जागणाऱ्या माणसाचा विचार करून बसवलेली मापे आहेत ही. राजाच्या महालाइतकेच लक्ष या ओट्यावर दिले गेले आहे, आणि ते मला फार आवडते.

आता उपळी बुरूज. विजापुरातही याच नावाचा बुरूज आहे. आदिलशाही माणसांना सपाटीवर उंची उभी करण्याचा छंदच होता. नळदुर्गाचा हा बुरूज किल्ल्याच्या आत, तटापासून सुटा उभा आहे, आणि त्याच्या पायऱ्या चढताना गुडघे बोलतात. वर हत्ती तोफ आणि मगर तोफ. लोक तोफांना हात लावतात आणि फोटो काढून उतरतात. पण हा बुरूज तोफेपेक्षा डोळ्यासाठी आहे. इथून एका गिरकीत सगळा आराखडा हाती येतो. खाली पसरलेला मुख्य किल्ला, ११४ बुरुजांचा सांगितला जाणारा तटाचा वेढा, त्याच्या पलीकडे नदीची घळ, घळीपलीकडे रणमंडळ हा छोटा जोडकिल्ला, आणि दोघांना जोडणारी एक जाड काळी रेघ. ती रेघ म्हणजे बंधारा. वाटाड्याने तुम्हाला आधी इथे आणले असेल, तर त्याला धन्यवाद द्या. कारण बंधाऱ्याच्या पोटात उतरल्यावर आपण कुठे आहोत हे कळायला ही वरची नजर लागते.

नवबुरुजापाशी मात्र आराखडा बाजूला ठेवून नुसते पाहावे. साधारण बुरूज गोल असतो. हा नऊ पाकळ्यांचा आहे. गोळा सपाट भिंतीवर आदळला तर चिरे फोडतो, वळणावर आदळला तर निसटतो. म्हणून बुरूज गोल, हे ठीक. पण गोलाला पुन्हा नऊ गोलाया द्यायच्या, म्हणजे प्रत्येक चिऱ्याचा दर्शनी भाग वेगळ्या वक्रात घडवायचा, आणि दोन पाकळ्या जिथे भेटतात त्या खाचेत सांधा उघडा पडू द्यायचा नाही, हे युद्धशास्त्राच्या गरजेपलीकडचे आहे. सकाळच्या उन्हात प्रत्येक पाकळीची एक बाजू उजळते, दुसरी काळी राहते, आणि भिंत असूनही ती श्वास घेतल्यासारखी फुगलेली दिसते. नऊ हा आकडा इथे सुचणे साहजिक वाटते. दुसरा इब्राहिम आदिलशहा हा नवरसांनी झपाटलेला राजा. त्याच्या गीतग्रंथाचे नाव ‘किताब-ए-नवरस’, त्याने वसवायला घेतलेले नगर नवरसपूर. बुरूज आणि ग्रंथ यांचा धागा मी जोडणार नाही. पण ज्या दरबाराच्या कानाला नऊ हा आकडा गोड लागत होता, त्याच राज्यातला हा बुरूज आहे, एवढे म्हणून पुढे जाऊ.

हा इब्राहिम १५८० मध्ये गादीवर आला तेव्हा अवघ्या नऊ वर्षांचा पोर होता. चुलता अली आदिलशहा मारला गेलेला, आणि राज्य सांभाळत होती त्याची विधवा चांदबिबी. सोलापूर आंदण घेऊन आलेली तीच. तिने वाढवलेला हा मुलगा पुढे सरस्वती आणि गणपतीची स्तवने दख्खनीत रचणारा, तंबोऱ्याच्या आणि हत्तीच्या नादात रमणारा राजा झाला. बोरीवरचा बंधारा अलीच्या काळातला मानतात. १५५८ च्या सुमारास त्याने इथली तटबंदी वाढवली आणि किल्ल्यातल्या शिबंदीला पाणी तुटू नये म्हणून नदी अडवली. त्या उपयुक्त भिंतीच्या पोटात १६१३ मध्ये पाणीमहाल झाला तो इब्राहिमच्या अमलात. काम मीर इमादीनचे. चुलत्याने पाणी साठवले, पुतण्याने ते पाहायला जागा केली.

ती जागा नीट पाहू. बंधाऱ्याच्या माथ्यावरून चालताना एका बाजूला अडवलेले शांत पाणी, दुसऱ्या बाजूला खोल घळ. पाणी वाढले की ते दोन सांडव्यांमधून पलीकडे कोसळते. एकाला नर म्हणतात, दुसऱ्याला मादी. या दोघांच्या मध्ये, भिंतीच्या जाडीतच, अरुंद जिना खाली उतरतो. डोके सांभाळत, अंधारात चाचपडत उतरायचे. मग एकदम उजेड, आणि कमानींच्या खिडक्या. खिडक्या घळीकडे तोंड करून आहेत. म्हणजे आपण साठलेल्या पाण्याकडे पाठ करून, पडणाऱ्या पाण्याच्या ओळीत बसतो. पूर आला की पाण्याचा पडदा डोळ्यांसमोरून खाली जातो, गाज भिंतीतून अंगात शिरते, आणि बैठकीवर ओल येत नाही. सगळी करामत या शेवटच्या वाक्यात आहे. पाणी भिंतीला चाटत खाली आले असते तर खिडक्या बंद ठेवाव्या लागल्या असत्या. सांडव्याचे तोंड असे राखले आहे, की धार भिंत सोडून पुढे उडी घेते. ती उडी किती लांब पडावी आणि महालाची खिडकी तिच्यापासून किती अंतरावर असावी, हे गणित कागदावर सोडवून नदीवर उतरवायला मोठी छाती लागते. पहिल्याच पुराने चूक दाखवून दिली असती. चारशेहून अधिक पावसाळे गेले, चूक सापडलेली नाही.

अंधाराचा तो जिनाही सोयीसाठी नाही, असे मला वाटते. सोयच पाहायची असती तर तो रुंद करता आला असता. माथ्यावरच्या उघड्या उन्हातून माणसाला आधी अरुंद काळोखात घ्यायचे, त्याचे कान पाण्याच्या आवाजाने भरू द्यायचे, पण पाणी दाखवायचे नाही, आणि मग कमानीत आणून सोडायचे. चांगला गवई जसा सम दाखवण्याआधी ताणतो, तसे हे ताणणे आहे. मीर इमादीनला पाण्याचे शास्त्र कळत होते, पण त्याहून जास्त पाहुण्याचे मन कळत होते. महालातल्या फार्सी शिलालेखाचा आशय साधारण असा, की हे पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि वैऱ्यांच्या डोळ्यांपुढे अंधार येईल. शिलालेखात बढाई असतेच. पण उजेड आणि अंधार ही जोडी ज्याने नुकताच आपल्याला त्या जिन्यातून उतरवले आहे त्याने वापरावी, यात गंमत आहे.

बहुतेक फेऱ्या श्रावण-भाद्रपदात निघतात, कारण नर-मादी वाहत असतात. तेही दरवर्षी नाही. वरच्या अंगाला आता बोरीवर नवे धरण आहे आणि ते भरून वाहिले तरच खालच्या जुन्या बंधाऱ्याला पाणी मिळते. वर्तमानपत्रात सांडवे सुरू झाल्याची बातमी आली की सोलापुरातून गाड्या सुटतात, आणि मग पाणीमहालात माणसांची जी दाटी होते तीत कमानीचा काठही दिसत नाही. रसिकाने एकदा पुरात यावे आणि एकदा डिसेंबरात. कोरड्या दिवसांत पाणी आपला पडदा काढून घेते आणि गवंड्याचे हात दिसू लागतात. कमानींच्या कडांवरची बारीक कोर, कोनाड्यांचे समान अंतर, चुन्याच्या गिलाव्याचा अजून टिकलेला गुळगुळीतपणा. पाण्याच्या दणक्यात ज्या खोलीकडे कोणी फारसे लक्ष देणार नाही, ती खोली इतकी नेटकी केली आहे. दिवाणखान्यात असते तेवढीच सफाई धरणाच्या पोटात. खिडकीच्या उंबऱ्यावर हात फिरवला तर दगडाची धार मारलेली, गोल केलेली लागते. तिथे कोणी तरी कोपर टेकून बसेल, हे गृहीत धरलेले आहे.

रंगमहाल, बारादरी, अंबरखाना, मशीद हे सगळे किल्ल्यात आहेच. बारादरीतून घळीकडची वाऱ्याची झुळूक सुखाची, आणि अंबरखान्याच्या भिंतींची जाडी धान्याची किंमत सांगणारी. पण खरे सांगायचे तर पाणीमहालानंतर या वास्तू पाहताना डोळे औपचारिक होतात. त्या आधी पाहून घ्याव्यात.

परतीच्या घाईत बहुतेक गट एक गोष्ट सोडतात. बंधाऱ्यावरून पलीकडे रणमंडळाच्या अंगाला जाऊन, मागे वळून बंधारा बाहेरून पाहायचा. नुकतेच आपण जिथे बसलो होतो ती जागा शोधायला लागा. उंच, काळी, कसलीही नक्षी नसलेली भिंत, आणि तिच्यात काही लहान कमानी, बस. महाल बाहेरून जवळजवळ नाहीच. ज्या दरबारात गोलघुमटासारख्या गोष्टी पुढे उभ्या राहणार होत्या, त्याच दरबारातल्या माणसाने आपली सर्वांत नाजूक खोली एका धरणाच्या जाडीत दडवली आणि दर्शनी बाजूला मिरवायला काही ठेवले नाही. घळीच्या पलीकडून येणाऱ्या शत्रूला दिसावा तो फक्त बंधारा. खिडक्या कुठे आहेत हे एकदा सापडल्यावर तिथून तुमच्याच गटातले मागे राहिलेले कोणी तरी हात हलवताना दिसते, आणि गाईड घड्याळाकडे बोट दाखवत असतो. त्याला पाच मिनिटे मागून घ्या. जेवण थोडे उशिरा झाले तरी चालेल. नळदुर्गच्या फाट्यावर तीन वाजताही गरम भाकरी मिळते.